क्षयप्रतिकाराच्या ज्ञानाचा इतिहास

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. तत्पूर्वी, १८८२ मध्येच, कॉख यांनी क्षयजंतू दाखवून दिला होता. शरीर त्याचा प्रतिकार कसे करते, हे मात्र अज्ञात होते. १९४५ मध्ये मेरिल चेस यांनी गिनीपिगांत सिद्ध केले की, ट्यूबरक्युलिनविषयीची संवेदनशीलता पेशींद्वारे संक्रमित करता येते. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी थायमस ग्रंथीचे कार्य उलगडले. तेथे परिपक्व होणाऱ्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवून भक्षकपेशींना जंतुनाशास उद्युक्त करतात. म्हणूनच संसर्ग झालेल्या बहुसंख्यांस रोग जडत नाही. ‘क्षय’ या प्राचीन संज्ञेत देहाची झीज तेवढी व्यक्त होते. देहाच्या या प्रतिकाराचे ज्ञान आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पाऊण शतकाने आकारास आले.