राजा दीनदयाळांच्या कांचा

आमचा निलंगा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, बिदर जिल्ह्यांत मोडत असे. त्या राज्याचे चेहरे टिपून ठेवणारे राजा दीनदयाळ मूळचे मीरतजवळील सरधन्याचे. रुडकीस शिकून ते इंदुरास बांधकाम खात्यांत लागले, आणि पुढें सहाव्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९४ सालीं त्यांस ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला.

त्या काळीं कांचेस कागद भिडवून उन्हांत प्रत छापीत. म्हणून कांच जेवढी मोठी, तेवढेंच बहुधा चित्र मोठें. अशा कांचेवर जरीची वीण व दाढीचा केस न् केस उतरतो. रंगांची उणीव आम्हांस तरी भासत नाहीं.

१८९३ सालीं हीं चित्रें शिकागोच्या प्रदर्शनांत झळकलीं. त्यांच्या २,८५७ कांचा १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. २०१० सालीं केंद्रानें त्यांचें प्रदर्शन भरविलें.

दीनदयाळांनीं संस्थानांतील दुष्काळी कामांचींही चित्रें घेतलीं. उमराव नांवानिशीं ओळखतां येतात. कामावरचे कुणबी मात्र नुसती गर्दी! हें प्रदर्शन निलंग्यास भरलें, तर आमचीं म्हातारीं माणसें उमरावांपुढून सरळ निघून जातील आणि त्या गर्दीपाशीं एकेक चेहरा न्याहाळीत उभीं राहतील.