ताबा कुणाचा, ठाऊक कुणाला?

ऑक्टोबर 2020 मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 20 किलो मेफेड्रोन पकडलं. या पदार्थाची व्यापारी मात्रा 50 ग्रॅम. तिथून पुढे किमान दहा वर्षं शिक्षा. असा माल मोटारीत सापडला, तर आत बसलेल्या प्रत्येकाचा तो ताबा मानायचा का?

बोलताना आपण हातात असणं म्हणजे ताबा समजतो. 1985 चा अमली पदार्थ कायदा तिथे थांबत नाही. 2003 मध्ये मदनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीतल्या सहप्रवाशांची शिक्षा कायम ठेवली. माल कुणाच्या अंगावर नव्हता, पण त्यावर हुकमत होती आणि त्याची जाण होती, असं न्यायालयाने मानलं. शिवाय कलम 35 ही जाण गृहीतच धरतं. ती नव्हती हे आरोपीने शाबीत करायचं. आता बघा, 'मला ठाऊक नव्हतं' हे कुणी शाबीत कसं करावं? म्हणून 2008 चा नूर आगा निकाल आम्हांला मोलाचा वाटतो : पायाभूत गोष्टी आधी सरकारपक्षाने शाबीत करायच्या, मगच ते गृहीतक लागू होतं.

चाकणला गाळा भाड्याने देणाऱ्या मालकालाही हे लागू पडतं. कलम 25 त्याला धरतं, पण जाणूनबुजून वापरू दिला असेल तर. म्हणून किल्ली कुणाकडे होती, येणंजाणं कुणाचं होतं, हे तपासात आधी यावं, एवढंच आमचं म्हणणं.