अधोमहानीलेचा लिओमायोसार्कोमा

अधोमहानीलेचा लिओमायोसार्कोमा हा अधोमहानीलेच्या भित्तीतील अरेखित स्नायूंपासून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग आहे. पाय, ओटीपोट, मूत्रपिंडे व यकृत यांतील अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या कर्णिकेत नेणारी ही शरीरातील सर्वांत मोठी नीला होय. रोगाचे पहिले वर्णन पेर्ल यांनी १८७१ मध्ये शवविच्छेदनावरून केले. अर्बुद काढण्याची पहिली शस्त्रक्रिया मेल्खिओर यांनी १९२८ मध्ये केली. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा रोग अधिक आढळतो.

लक्षणे

अर्बुद सावकाश वाढते. तोवर लहान नीला रुंदावून रक्ताला पर्यायी वाट मिळते, त्यामुळे पोटातील मोघम दुखण्यापलीकडे फारसे काही जाणवत नाही व निदान उशिरा होते. यकृतनीलांच्या मुखाशी अडथळा आल्यास मात्र यकृत सुजते आणि जलोदर होतो.

शस्त्रक्रिया

अर्बुद समूळ काढणे हाच रोगमुक्तीची आशा देणारा उपाय आहे. रसायनोपचार व प्रारणोपचार पूरक ठरतात. अर्बुदाच्या वरच्या व खालच्या बाजूस नीला चिमट्याने बंद करून रोगग्रस्त भाग कापतात. या वेळी हृदयाकडे परतणारे रक्त एकाएकी घटून रक्तदाब कोसळू शकतो. अर्बुद कर्णिकेपर्यंत पोहोचले असल्यास हृदय-फुप्फुस यंत्र लागते.

कापलेल्या नीलेचे पुढे काय करायचे, हे पर्यायी वाटांवर अवलंबून असते. त्या पुरेशा असतील तर नीला बांधून टाकता येते. एरवी ठिगळ लावतात किंवा कृत्रिम नळी जोडतात. मूत्रपिंडांच्या बाबतीत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला अधिवृक्क, जननग्रंथी व कटिप्रदेशातील नीला मिळत असल्याने ती महानीलेजवळ बांधली तरी मूत्रपिंड बहुधा वाचते. उजवी नीला आखूड असून तिला अशा वाटा सहसा नसतात. म्हणून उजवे मूत्रपिंड काढावे लागते किंवा ओटीपोटात पुन्हा रोपावे लागते.

यकृतामागील अर्बुदापर्यंत हात पोहोचत नसेल, तर क्वचित यकृतच शरीराबाहेर काढून, थंड ठेवून, अर्बुद कापल्यावर परत बसवतात. ही पद्धत जर्मनीतील हॅनोव्हर येथे रुडॉल्फ पिख्लमायर यांनी १९८८ मध्ये वापरली. अवयव रुग्णाचाच असल्याने प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागत नाहीत. धोका मात्र मोठा असल्याने ती मोजक्याच रुग्णांसाठी विचारात घेतली जाते.

समूळ उच्छेदनानंतरही रोग फुप्फुसांत किंवा यकृतात पुन्हा उद्भवू शकतो. त्यामुळे अनेक वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.