ओल्ड नंबर वन (मोटार)

ओल्ड नंबर वन हे बेंटले मोटर्स या ब्रिटिश कंपनीने तयार केलेल्या स्पीड सिक्स प्रकारच्या एका शर्यतीच्या मोटारीचे प्रचलित नाव आहे. या मोटारीने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ले मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. एकाच मोटारीने ही शर्यत दोनदा जिंकण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. पुढील काळात मोटारीचे बहुतेक भाग बदलले गेले. त्यामुळे आज अस्तित्वात असलेली मोटार आणि ले मां येथे विजयी झालेली मोटार या एकच आहेत का, असा प्रश्न निर्माण झाला. १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला. जुन्या मोटारींची ओळख आणि इतिहास निश्चित करण्याच्या संदर्भात हा निकाल वारंवार उद्धृत केला जातो.

पार्श्वभूमी

वॉल्टर ओवेन बेंटले यांनी १९१९ मध्ये बेंटले मोटर्सची स्थापना केली. कंपनीचा कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात होता. कंपनीच्या मोटारींनी ले मांची शर्यत १९२४, १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० या वर्षी जिंकली. १९२६ पासून उद्योगपती वूल्फ बार्नाटो हे कंपनीचे मुख्य आर्थिक आधार व अध्यक्ष होते.

स्पीड सिक्स हा कंपनीच्या साडेसहा लिटर मोटारीचा अधिक शक्तिशाली प्रकार १९२८ मध्ये बाजारात आला. तिच्या इंजिनात एका रांगेत सहा सिलिंडर असून त्याची क्षमता ६,५९७ घन सेंटिमीटर होती. कंपनीने शर्यतींसाठी काही स्पीड सिक्स मोटारी स्वतःच्या संघाकडे राखून ठेवल्या. त्यांपैकी एक मोटार पुढे ओल्ड नंबर वन या नावाने ओळखली जाऊ लागली.

शर्यतींतील कामगिरी

१५ व १६ जून १९२९ रोजी झालेल्या ले मां शर्यतीत वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ही मोटार चालवली. २४ तासांत त्यांनी सुमारे २,८४४ किलोमीटर अंतर कापले. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलेच्या मोटारींना मिळाले. त्याच महिन्यात इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील सहा तासांची शर्यतही बार्नाटो आणि जॅक डनफी यांनी याच मोटारीतून जिंकली.

२१ व २२ जून १९३० रोजी झालेल्या ले मां शर्यतीत बार्नाटो यांचे सहचालक ग्लेन किडस्टन होते. रुडॉल्फ काराचिओला आणि क्रिस्टियान वेर्नर यांची मर्सिडीज-बेंझ ही या शर्यतीतील प्रमुख प्रतिस्पर्धी मोटार होती. ती बिघाडामुळे शर्यतीतून बाद झाली. बार्नाटो व किडस्टन यांनी सुमारे २,९३१ किलोमीटर अंतर कापून विजय मिळवला. दुसरा क्रमांक फ्रँक क्लेमेंट आणि डिक वॉटनी यांच्या स्पीड सिक्स मोटारीला मिळाला.

या विजयानंतर बेंटले मोटर्सने शर्यतींतून माघार घेतली. जागतिक मंदीच्या काळात कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि १९३१ मध्ये ती रोल्स-रॉइसने विकत घेतली. ओल्ड नंबर वन मात्र खासगी संघाकडून शर्यतींत उतरत राहिली. १९३१ मध्ये जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यत या मोटारीतून जिंकली.

१९३२ चा अपघात

१९३२ च्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी मोटारीत बेंटलेचे आठ लिटर क्षमतेचे इंजिन बसवण्यात आले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या या शर्यतीत जॅक डनफी आणि त्यांचे बंधू क्लाइव्ह डनफी हे चालक होते. जॅक यांच्याकडून मोटार हाती घेतल्यानंतर क्लाइव्ह दुसऱ्या मोटारीला मागे टाकण्यासाठी ब्रुकलँड्सच्या उतरत्या वळणावर अगदी वरच्या कडेपर्यंत गेले. मोटारीचे चाक कडेबाहेर गेले आणि मोटार वळणावरून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह डनफी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर जॅक डनफी यांनी शर्यतींत भाग घेणे सोडले.

अपघातग्रस्त मोटार मोडीत काढण्यात आली नाही. तिची पुनर्बांधणी करून रस्त्यावर वापरण्यासाठी तिच्यावर बंद छताची बॉडी चढवण्यात आली. पुढील काळात तिचे मालक, इंजिन आणि बॉडी पुन्हा बदलत गेली.

चालक

वूल्फ बार्नाटो (१८९५–१९४८) हे दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथील हिऱ्यांच्या व्यवसायात संपत्ती मिळवलेल्या बार्नी बार्नाटो यांचे पुत्र होते. ले मां शर्यतीत त्यांनी तीनदाच भाग घेतला आणि १९२८, १९२९ व १९३० अशा तिन्ही वेळा ते विजयी झाले. सरे परगण्याच्या संघाकडून ते यष्टिरक्षक म्हणून प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले.

टिम बर्किन (१८९६–१९३३) हे नॉटिंगहॅममधील लेसच्या व्यवसायातील श्रीमंत घराण्यातले होते. सुपरचार्जर बसवलेल्या ‘ब्लोअर’ बेंटले मोटारींसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्रिपोली येथील शर्यतीच्या वेळी तप्त धुरनळीने हात भाजला व जखम चिघळली, असे त्यांच्या मृत्यूचे कारण दिले जाते. पहिल्या महायुद्धात जडलेला मलेरिया उलटल्यामुळे मृत्यू झाला, असेही मत आहे.

ग्लेन किडस्टन (१८९९–१९३१) हे ब्रिटिश नौदलातील अधिकारी व वैमानिक होते. नोव्हेंबर १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रवासी विमानाच्या अपघातातून ते एकटेच बचावले. ले मां विजयाला वर्ष पूर्ण होण्याआधीच, मे १९३१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील ड्राकेन्सबर्ग पर्वतात विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

ओळखीचा प्रश्न

शर्यतीची मोटार ही संग्रहालयातील वस्तूप्रमाणे जतन करण्यासाठी बनवलेली नसते. प्रत्येक शर्यतीनंतर झिजलेले भाग काढले जातात, पुढील स्पर्धेच्या नियमांप्रमाणे बदल केले जातात आणि अपघातानंतर चॅसिससुद्धा बदलली जाते. संघाकडे एकाच प्रकारच्या अनेक मोटारी असल्यास त्यांचे भाग आपापसांत फिरतात. बेंटलेच्या संघातही असेच घडत होते. त्यामुळे कित्येक वर्षांनंतर ‘ही तीच मोटार आहे का’ या प्रश्नाचे उत्तर केवळ चॅसिस क्रमांकाची पट्टी पाहून देता येत नाही.

हा प्रश्न तत्त्वज्ञानातील थीसिअसच्या जहाजाच्या कोड्यासारखा आहे. प्लुटार्कने नोंदवलेल्या या कोड्यात, जहाजाच्या जुन्या फळ्या एकेक करून बदलल्यावर उरलेले जहाज मूळचेच म्हणावे का, असा वाद आहे. मोटारीच्या बाबतीत या वादाला आर्थिक बाजूही असते. दोनदा ले मां जिंकणारी मोटार आणि जुन्या भागांतून तशीच दिसणारी बनवलेली मोटार यांच्या किमतींत प्रचंड तफावत पडते.

१९९० चा खटला

एप्रिल १९९० मध्ये मिडलब्रिज सिमिटार या कंपनीने ओल्ड नंबर वन विकत घेण्याचा व्यवहार केला. मोटारीचे मूल्य १ कोटी पौंड ठरले. त्यातील काही भाग रोख रकमेच्या आणि काही भाग इतर मोटारींच्या रूपाने द्यायचा होता. पुढे खरेदीदार कंपनीने हा व्यवहार मान्य करण्यास नकार दिला. विक्रीस ठेवलेली मोटार ही खरी ओल्ड नंबर वन नाही, असे तिचे म्हणणे होते. हा वाद मिडलब्रिज सिमिटार लिमिटेड विरुद्ध हबर्ड या नावाने उच्च न्यायालयात चालला. न्यायमूर्ती ऑटन यांनी २७ जुलै १९९० रोजी निकाल दिला.

सुनावणीत मोटारीच्या प्रत्येक भागाचा इतिहास तपासण्यात आला. १९२९ मध्ये ले मां जिंकलेल्या मोटारीतील पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे बाह्य आवरण आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच भाग उरले आहेत, असा तज्ज्ञांचा पुरावा न्यायालयापुढे आला. १९३२ च्या रूपातील बरेच भाग मात्र मोटारीत टिकून होते.

न्यायालयाने तीन शक्यतांमध्ये भेद केला. पहिली शक्यता, मोटार १९२९ च्या स्थितीतील ‘मूळ’ मोटार असण्याची. इतके भाग बदललेले असताना तसे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने मानले. दुसरी, मोटार ही नष्ट झालेल्या वाहनाची नव्याने केलेली प्रतिकृती असण्याची. हेही न्यायालयाने नाकारले, कारण ओल्ड नंबर वन कधीही नाहीशी झाली नव्हती आणि तिचे सुटे भाग पांगून नंतर एकत्र आणले गेले नव्हते. तिसरी शक्यता न्यायालयाने स्वीकारली. मोटार टप्प्याटप्प्याने बदलत गेली, परंतु प्रत्येक टप्प्यावर ती ओल्ड नंबर वन म्हणूनच अस्तित्वात होती. तिचा इतिहास अखंड असल्यामुळे ती अस्सल ठरते, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. हे नाव लावण्याचा हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही मोटार नव्हती, ही बाबही महत्त्वाची ठरली.

संशोधनाची साधने

जुन्या शर्यतीच्या मोटारींचा इतिहास शोधताना साधारणपणे पुढील साधने वापरली जातात.

कारखान्याच्या नोंदी: चॅसिस व इंजिन क्रमांक, मोटार सुपूर्द केल्याची तारीख आणि दुरुस्तीचा तपशील यांत मिळतो. बेंटलेच्या क्रिकलवुड काळातील अशा नोंदी मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या बेंटले ड्रायव्हर्स क्लबच्या सदस्यांनी या मोटारींच्या इतिहासाचा पाठपुरावा केला आहे.

सरकारी नोंदणी: नोंदणी क्रमांक आणि मालकांचा क्रम यांवरून मोटार कोणत्या काळात कोणाकडे होती हे ठरवता येते. मात्र नोंदणी क्रमांक एका मोटारीवरून दुसरीवर गेलेला असू शकतो.

समकालीन नियतकालिके: द ऑटोकार, द मोटर आणि मोटर स्पोर्ट या ब्रिटिश नियतकालिकांत शर्यतींची सविस्तर वर्णने छापली जात. चालकांची नावे, शर्यतीतील क्रमांक आणि मोटारीतील बदल त्यांत सापडतात.

छायाचित्रे: बॉडीवरील रिव्हेट, दिव्यांची जागा, बॉनेटवरील पट्टे आणि इंधनटाकीचा आकार यांची तुलना करून एकाच प्रकारच्या दोन मोटारींतील फरक ओळखता येतो.

प्रत्यक्ष तपासणी: इंजिन, गिअरबॉक्स व अ‍ॅक्सलवर ठोकलेले क्रमांक, जुनी छिद्रे आणि दुरुस्तीच्या खुणा यांचा कागदोपत्री पुराव्याशी मेळ घातला जातो.

आठवणी: चालक व यांत्रिकांच्या आठवणी उपयुक्त असल्या तरी त्या अनेकदा घटनेनंतर बऱ्याच काळाने सांगितलेल्या असतात. बर्किन यांचे ‘फुल थ्रॉटल’ (१९३२) हे पुस्तक घटनांच्या जवळच्या काळातील असल्याने महत्त्वाचे मानले जाते.

‘ब्ल्यू ट्रेन’ मोटारीचे उदाहरण

प्रचलित समज आणि नोंदी यांत विसंगती असल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण बार्नाटो यांच्याच दुसऱ्या एका मोटारीचे आहे. मार्च १९३० मध्ये बार्नाटो यांनी पैज लावून दक्षिण फ्रान्समधील कान येथून आपली स्पीड सिक्स चालवत आणली आणि ब्ल्यू ट्रेन ही आगगाडी कॅलेला पोहोचण्यापूर्वी ते लंडनमध्ये दाखल झाले. गर्नी नटिंग या कंपनीने बनवलेली उतरत्या छताची कूपे मोटार त्यांनी या प्रवासात वापरली, असा समज अनेक दशके रूढ होता. चित्रकार टेरेन्स क्युनिओ यांनीही आगगाडीबरोबर धावणारी हीच मोटार रंगवली. परंतु नोंदींच्या तपासणीत ती कूपे मोटार पैजेनंतर तयार झाल्याचे आढळले. प्रत्यक्ष प्रवास एच. जे. मलिनर यांनी बॉडी बांधलेल्या स्पीड सिक्स सलून मोटारीतून झाला होता. तरीही कूपे मोटार आजही ‘ब्ल्यू ट्रेन बेंटले’ याच नावाने ओळखली जाते.

निकालाचा प्रभाव

१९९० च्या निकालानंतर ‘अखंड इतिहास’ ही संकल्पना जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत आणि लिलावांच्या वर्णनांत रूढ झाली. मूळ भाग किती शिल्लक आहेत याबरोबरच मोटारीचे अस्तित्व मध्येच खंडित झाले होते का, आणि त्याच ओळखीवर दावा सांगणारी दुसरी मोटार आहे का, हे प्रश्नही विचारले जाऊ लागले. फोर्ड जीटी४० प्रकारातील १०७५ क्रमांकाच्या चॅसिसची मोटार १९६८ आणि १९६९ मध्ये ले मां येथे विजयी झाली. एकाच मोटारीच्या दुहेरी विजयाची चर्चा होताना ओल्ड नंबर वनसोबत तिचाही उल्लेख होतो.