छेत्रीचा गोल आणि उरलेली चोवीस मिनिटं

आज आपण फार मागे जाणार नाही. ३ मार्च २०२३, बेंगळुरूचं श्री कांतीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीगचा प्लेऑफ सामना, बेंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. हरणाऱ्याचा हंगाम तिथेच संपणार होता. या सामन्याचा निकाल कुठे फिरला असं विचारलं, तर बहुतेक लोक सुनील छेत्रीच्या फ्री किककडे बोट दाखवतात. माझं मत वेगळं आहे आणि ते का, हेच आज सांगायचं आहे.

आधी पार्श्वभूमी. त्या हंगामापासून लीगनं नवी पद्धत आणली होती. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा यांच्यात एकेक बाद सामना. बेंगळुरू चौथं, केरळ पाचवं. बेंगळुरूनं साखळीतले शेवटचे आठही सामने जिंकले होते. केरळच्या मनात आदल्या वर्षीची सल होती. मार्च २०२२ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, अंतिम सामन्यात हैदराबादनं त्यांना पेनल्टींवर हरवलं होतं. लीगमध्ये व्हिडिओ रेफरीची सोय नव्हती. पंचांच्या निर्णयांवरून केरळची नाराजी साचत आली होती.

नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. सामना जादा वेळेत गेला. ९६व्या मिनिटाला बेंगळुरूला पेनल्टी क्षेत्राच्या जवळ फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक प्रभसुखन गिल बचावाची भिंत लावण्यात गुंतला होता. बदली म्हणून उतरलेल्या छेत्रीनं थांबायचं कारणच ठेवलं नाही. चेंडू उचलून रिकाम्या जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

आता नियम बघा. आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही वाटतं की शिट्टी वाजल्याशिवाय फ्री किक घेता येत नाही. पण नियम तसा नाही. पंचांनी कार्ड दाखवलं, कुणाला दुखापत झाली किंवा भिंतीला ठरावीक अंतरावर मागे हटवायला ते मध्ये पडले, तर शिट्टीची वाट पाहावी लागते. एरवी आक्रमण करणारा संघ चटकन फ्री किक घेऊ शकतो. मला शिट्टीही नको आणि भिंतही नको, असं पंचांना आधीच सांगितल्याचं छेत्रीनं सामन्यानंतर म्हटलं. केरळचं म्हणणं उलट होतं. खेळाडू भिंतीसाठी मागे सरकत असताना हा गोल ग्राह्य धरायलाच नको होता, असं त्यांचं ठाम मत होतं.

केरळचे सर्बियन प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी खेळाडूंना हातानं खूण करून बाहेर बोलावलं आणि अख्खा संघ मैदान सोडून गेला. पंच थांबले, सामनाधिकाऱ्यांशी बोलणं झालं आणि शेवटी बेंगळुरू विजयी घोषित झालं.

माझ्या मते निकाल इथे फिरला. गोल ९६व्या मिनिटाला झाला, म्हणजे जादा वेळेतली चोवीस मिनिटं शिल्लक होती. फरक एका गोलाचा होता. त्या गोलानं केरळ मागे पडलं, हरलं ते मैदान सोडल्यावर.

असंच एकदा युरोपातही घडलं होतं. फेब्रुवारी २००७, चॅम्पियन्स लीगचा बाद फेरीचा सामना. मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं ८३व्या मिनिटाला अशीच झटपट फ्री किक घेऊन लीलविरुद्ध गोल केला. लीलचे खेळाडू रागानं बाहेर निघाले, पण परत आले. तो सामना ते हरले आणि त्यांची तक्रारही फेटाळली गेली. तरी दुसऱ्या लढतीची संधी त्यांनी हातातून घालवली नाही.

क्रिकेटमधला एक प्रसंग तर मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न कसोटी. चेंडू बॅटला लागला होता अशी खात्री असताना पायचीत दिल्यामुळे सुनील गावसकर भडकले आणि समोरच्या चेतन चौहानलाही बाहेर घेऊन निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुर्राणी यांनी चौहानला परत पाठवलं. पुढे १४३ धावांचं लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली. भारत ५९ धावांनी जिंकला आणि मालिका १-१ अशी सुटली. चौहान परतला नसता तर कपिल देवचे ते पाच बळी आज कुणाला आठवले असते?

बेंगळुरूत त्या रात्री सीमारेषेवर दुर्राणी नव्हते. जो रोखू शकला असता, तोच प्रशिक्षक बाहेर बोलावत होता.

याची किंमतही मोठी होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं केरला ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड केला. वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आणि पाच लाखांचा दंड. अपीलही फेटाळलं गेलं. तिकडे बेंगळुरूनं उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टींवर ९-८ असं हरवलं आणि फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात ते एटीके मोहन बागानकडून पेनल्टींवरच हरले.

केरळच्या चाहत्यांचा राग मला खोटा वाटत नाही. ज्या लीगमध्ये पंचाचा निर्णय लगेच तपासून घ्यायची सोयच नाही, तिथे वर्षभर साचलेला राग कधीतरी बाहेर पडणारच. त्या रागाला वाट देणं हे महासंघाचं काम होतं आणि त्यात तो कमी पडला. पण मैदान सोडल्यानं पंचांवरचा प्रश्न मागे पडला आणि पुढची सगळी चर्चा केरळच्या वागण्यावर झाली. हेच नुकसान मला चार कोटींपेक्षा मोठं वाटतं.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी, पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, कोचीत हेच दोन संघ भिडले. बंदीमुळे वुकोमानोविच बाकावर नव्हते. केरळनं सामना २-१ असा जिंकला. या संघात बेंगळुरूला हरवायची ताकद होती. ३ मार्चला ती आजमावायला चोवीस मिनिटं होती, ती त्यांनी खेळलीच नाहीत.