लेग गार्ड: नाव पायाचं, राखण गाडीची

मोटारसायकलच्या इंजिनापुढे दोन्ही अंगांना वाकवून बसवलेल्या लोखंडी नळीला आपल्याकडे सरसकट ‘लेग गार्ड’ म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनच्या जगात तिलाच ‘इंजिन गार्ड’ म्हणतात. हा केवळ शब्दांचा फरक नाही. एक नाव पाय वाचवण्याचं वचन देतं, दुसरं गाडी वाचवण्याचं. आणि इतिहासाचा कौल दुसऱ्या नावाकडे झुकतो. १९२३ साली बीएमडब्ल्यूने काढलेली आर-३२ पाहा. अभियंता मॅक्स फ्रिट्झ यांनी तिचे दोन सिलिंडर गाडीच्या दोन्ही बाजूंना आडवे काढले. वाऱ्यात ते चांगले थंड होत, पण गाडी कलंडली की पहिला मार त्यांनाच. अशा रचनेच्या गाडीवर ही नळी कशासाठी लागते, ते पाहताक्षणी कळतं. उभ्या सिलिंडरच्या गाडीतही ती टाकी, लिव्हर आणि इंजिनाचं आवरण वाचवते. फक्त तिथे नळीमागे सिलिंडरऐवजी पाय दिसतो आणि समजूत बदलते.

या समजुतीची कसोटी अमेरिकेत लागली. हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. १९८१च्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष स्पष्ट आहे: नळीमुळे घोटा आणि पाऊल यांच्या जखमा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या जखमा तेवढ्याच वाढतात. म्हणजे इजा टळत नाही, जागा बदलते. ऐंशीच्या दशकात ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने धक्का शोषून घेणारी पायरक्षकं तयार करून पाहिली. त्यांनी पाय वाचतो, असं संशोधकांचं म्हणणं. धडकेत स्वाराचं शरीर भलतीकडे फेकलं जाऊन डोक्याचा धोका वाढतो, असा उद्योगाचा आक्षेप. अशी साधनं तपासायची कशी, याची आयएसओ १३२३२ ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९९६ साली ठरली. खास घडवलेल्या साधनावर इतका वाद झाला, तर साध्या वाकवलेल्या नळीवर भिस्त कशी ठेवायची?

यावर कुणी म्हणेल, लॉस एंजेलिसचे रस्ते वेगळे. आपल्याकडे गाडी बहुधा गर्दीत, वाळूवर, कमी वेगात घसरते आणि तेव्हा दीड-दोनशे किलोचं धूड पायावर पडण्यापासून नळीच वाचवते. हे म्हणणं रास्त आहे, आणि घोट्याबद्दलची हर्ट यांची नोंद त्याच्या विरोधात जात नाही. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की नळी हळू पडण्यासाठी आहे. समोरून येणाऱ्या मोटारीसाठी नाही. आपल्याच नियमपुस्तकात माणसासाठी घडवलेल्या गार्डचं उदाहरण आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकायला सांगतो, म्हणजे मागे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत. हाच आपला ‘साडी गार्ड’. पदर आरीत जाणं हा नेमका धोका, आणि त्याला नेमकं उत्तर.

लेग गार्ड निवडतानाही हाच नेमकेपणा हवा. त्याच मॉडेलसाठी बनवलेली, चॅसीच्या मजबूत जागी बसणारी आणि हँडलच्या टोकांपलीकडे न जाणारी नळी घ्यावी. जास्त रुंद नळी गर्दीत दुसऱ्याच्या गाडीत अडकते. बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच धरवावेत, दोन्ही बाजू सारख्या आल्या की मग पान्याने आवळावेत. एक बाजू आधीच घट्ट केली तर दुसरीकडचं भोक जुळत नाही, नळी ओढून बसवावी लागते आणि तो ताण कायम राहतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावं. ब्रेकचं पेडल आणि गिअरचा लिव्हर दाबताना बूट कुठे अडत नाही ना, तेही पाहावं. एवढं झालं की नळी तिचं काम चोख करते. माणसाचं रक्षण मात्र हेल्मेट, बूट आणि आवरलेला वेग यांच्याकडेच राहतं; ते काम नावाच्या भरवशावर नळीवर सोपवू नये.