ज्येष्ठता क्रमांक आणि नोकरीची शाश्वती : अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांचे वैमानिक (१९७८ ते २०२२)

प्रस्तावना

'फर्लो' हा शब्द महाराष्ट्रात प्रामुख्याने कारागृहाच्या संदर्भात परिचित आहे. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला मिळणारी संचित रजा, असा त्याचा येथील अर्थ होय. अमेरिकेच्या विमान वाहतूक व्यवसायात हाच शब्द एका वेगळ्या रजेसाठी रूढ आहे. काम कमी झाले की वैमानिकास बिनपगारी घरी बसवावयाचे, मात्र त्याचे नाव ज्येष्ठता यादीतून काढावयाचे नाही आणि काम वाढताच यादीच्या क्रमाने त्यास परत बोलवावयाचे, अशी ही पद्धती आहे. शेवटी आलेला प्रथम जातो व शेवटी गेलेला प्रथम परततो. भारतातील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही कामगार कपातीबाबत याच स्वरूपाचे तत्त्व होते. त्यामुळे ही कल्पना भारतीय वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांच्या वैमानिकांना या संरक्षणाचा प्रत्यक्षात कितपत उपयोग झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. परत बोलावण्याचा हक्क हा बोलावणारी कंपनी शिल्लक असेल तोवरच हक्क असतो, ही साधी गोष्ट या इतिहासाच्या मुळाशी आहे.

ज्येष्ठता यादी आणि १९७८ चा कायदा

१९३१ साली 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' ही वैमानिकांची संघटना स्थापन झाली. १९३४ मध्ये वैमानिकांच्या कामाचे तास महिन्याला ८५ पर्यंत मर्यादित झाले आणि १९३६ मध्ये रेल्वे कामगारविषयक कायदा विमान कंपन्यांना लागू करण्यात आला. रेल्वेप्रमाणेच येथेही ज्येष्ठतेचे तत्त्व रुजले. कोणते विमान चालवावयाचे, कोणत्या शहरातून उड्डाण करावयाचे, रजा केव्हा घ्यावयाची आणि सहवैमानिकाचा कप्तान केव्हा व्हावयाचा, हे सारे यादीतील क्रमांकावर ठरू लागले. व्यवस्थापकाच्या मर्जीपासून वैमानिकास मुक्त करणारी ही व्यवस्था होती, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक मोठी उणीव होती. हा क्रमांक एका कंपनीपुरताच चाले. वीस वर्षांचा अनुभवी कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला तर तेथे तो यादीच्या तळाशी, पहिल्या वर्षाच्या वेतनावर रुजू होई.

कंपन्या स्थिर होत्या तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. मार्ग आणि भाडे शासकीय मंडळ ठरवीत असल्याने कंपनी बुडण्याचे प्रसंग विरळ होते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि हे चित्र पालटले. या कायद्यात कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचे एक कलम होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्यानुसार नोकरी गमावणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांना अन्य कंपन्यांत प्राधान्याने घेतले जावे आणि आर्थिक साहाय्य मिळावे, अशी तरतूद होती. साहाय्यासाठी निधी कधीच मंजूर झाला नाही. प्राधान्याच्या तरतुदीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती १९८७ साली, म्हणजे कायदा होऊन आठ वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर. शिवाय कायदा झाला त्या दिवशी ज्यांची चार वर्षांची सेवा झालेली होती, त्यांच्यापुरतेच हे संरक्षण मर्यादित होते. नियंत्रणमुक्तीमुळे जो नवा वैमानिकवर्ग निर्माण होणार होता, तो त्यात बसतच नव्हता.

दुसऱ्याच्या नावाने उडणारी कंपनी

१९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी लहान गावांची उड्डाणे लहान कंपन्यांकडे सोपवली. 'अमेरिकन ईगल' आणि 'डेल्टा कनेक्शन' ही दोन्ही नावे १९८४ सालची आहेत. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकीट तिचेच, वेळापत्रकही तिचेच. वैमानिक मात्र दुसऱ्याच कंपनीचा नोकर. पुढे अनेक ठिकाणी मोबदल्याची अशी रीत रूढ झाली की, प्रादेशिक कंपनीस प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक रक्कम मिळे आणि इंधनाचा व रिकाम्या आसनांचा भार मोठी कंपनी सोशी. भाव मोठी कंपनी ठरवीत असल्याने प्रादेशिक कंपनीस खर्च कमी करण्यासाठी हाताशी जे काही उरे, त्यात वैमानिकांचे वेतन ही मोठी बाब होती. करार संपला की तेच काम अधिक स्वस्त कंपनीकडे जाई. परिणामी एका कंपनीचे वैमानिक दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांचे नकळत प्रतिस्पर्धी बनले.

१९९३ मध्ये 'कॉमएअर' या कंपनीने पन्नास आसनांचे कॅनडेअर जेट अमेरिकेत प्रथम सेवेत आणले आणि प्रादेशिक वाहतुकीचा विस्तार झपाट्याने झाला. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना हा विस्तार धोक्याचा वाटला. प्रादेशिक कंपन्यांनी किती विमाने आणि किती आसनांपर्यंतची विमाने चालवावीत, याची मर्यादा त्यांनी आपल्या वेतन करारातच घालून घेतली. हीच 'स्कोप क्लॉज' होय. पन्नास, सत्तर, पुढे शहात्तर अशी ही मर्यादा कंपनीच्या आर्थिक स्थितीनुसार सरकत गेली. एका वैमानिकाच्या नोकरीचे कुंपण हेच दुसऱ्याच्या प्रगतीचे छप्पर ठरले. अनेक कंपन्यांत तर दोघांचे प्रतिनिधित्व एकच संघटना करीत होती. २००१ साली कॉमएअर व अटलांटिक साउथईस्ट या कंपन्यांच्या काही वैमानिकांनी आपल्याच संघटनेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला, तो याच कारणाने. संघटनेचा दुटप्पीपणा एवढेच त्याचे स्पष्टीकरण पुरेसे नाही. दोन यादींचे हितसंबंध जेथे परस्परविरोधी आहेत, तेथे एकच संघटना दोघांनाही न्याय देऊ शकत नव्हती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कॉमएअरचा अनुभव

कॉमएअरचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १९७७ मध्ये सिनसिनाटी परिसरात सुरू झालेली ही कंपनी नफ्यात होती आणि २००० च्या आरंभी ती डेल्टाच्या पूर्ण मालकीची झाली. मालक एक, तर यादीही एक असावी, अशी तेथील अनेक वैमानिकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. २६ मार्च २००१ रोजी सुमारे तेराशे वैमानिकांनी संप पुकारला. कंपनीची सर्व उड्डाणे बंद पडली आणि संप ८९ दिवस चालला. त्यातून त्यांनी लक्षणीय वेतनवाढ मिळवली. प्रादेशिक वैमानिक हा मोठ्या कंपनीत जाण्यापूर्वीचा उमेदवार नसून पूर्ण वेतनाचा व्यावसायिक आहे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते आणि काही काळ ते सिद्ध झाल्यासारखे दिसलेही.

संप मिटल्यावर तीन महिन्यांच्या आतच ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांना फर्लोवर पाठवले. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. मोठी विमाने उभी राहिली, तशी स्वस्त लहान जेट विमाने अधिक चालू लागली. यू. एस. एअरवेजने फर्लोवरील आपल्या वैमानिकांना संलग्न कंपन्यांच्या लहान विमानांवर जागा देण्याची योजना आखली. अमेरिकन कंपनीत १९९७ च्या करारानुसार फर्लोवरील वैमानिक ईगलमध्ये कप्तानाच्या जागेवर उतरू शकत होते. मोठ्या कंपनीच्या वैमानिकास त्यामुळे आधार मिळाला. पण ईगलमधील सहवैमानिक ज्या कप्तानपदाची वाट पाहत होता, ती जागा वरून आलेल्या माणसाने घेतली. त्याला फर्लोचे पत्र आलेले नव्हते, तरीही फर्लोची किंमत त्याने मोजलीच.

सप्टेंबर २००५ मध्ये डेल्टाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिच्याबरोबर कॉमएअरनेही. वेतनात कपात झाली, विमाने कमी होत गेली. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय साठवरून पासष्ट झाल्याने वरच्या जागाही पाच वर्षे अडल्या. २०१२ च्या जूनमध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी नवा करार मंजूर केला. शहात्तर आसनांची विमाने वाढवण्यास त्यात मुभा होती आणि पन्नास आसनांची विमाने मोठ्या प्रमाणावर काढून टाकावयाची होती. पुढच्याच महिन्यात कॉमएअर बंद करण्याची घोषणा झाली आणि २९ सप्टेंबर २०१२ रोजी तिचे शेवटचे विमान उतरले. संपात ८९ दिवस टिकलेल्या वैमानिकाकडे त्या दिवशी जो ज्येष्ठता क्रमांक होता, त्याला कोठेही मोल उरले नव्हते.

दुर्घटना, तुटवडा आणि २०२०

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. कप्तानाचा चुकीचा प्रतिसाद हे चौकशीत मुख्य कारण ठरले. तथापि, सहवैमानिकाने आदल्या रात्री पश्चिम किनाऱ्यावरून नेवार्कपर्यंत प्रवास केला होता ही बाब पुढे आली आणि प्रादेशिक वैमानिकांचे अल्प वेतन प्रथमच सार्वजनिक चर्चेचा विषय झाले. २०१० च्या कायद्यानुसार ऑगस्ट २०१३ पासून सहवैमानिकासही सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक झाला. पूर्वी २५० तासांचा परवाना पुरत असे. नवे वैमानिक येणे मंदावले. प्रादेशिक कंपन्या रुजू होण्यासाठी बोनस देऊ लागल्या आणि फर्लोची भीती जुनी झाली, असे अनेकांना वाटू लागले.

२०२० च्या महासाथीने ती समजूत खोटी ठरवली. मार्च २०२० च्या कायद्याने विमान कंपन्यांना वेतनासाठी साहाय्य दिले आणि ३० सप्टेंबरपर्यंत सक्तीची कपात रोखली. या साहाय्याने नोकरी टिकली ती ज्या कंपन्या टिकल्या त्यांच्यातच. ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन प्रादेशिक कंपन्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच बंद झाल्या. ट्रान्स स्टेट्सची काही विमाने एक्सप्रेसजेटकडे जावयाची होती. जुलैअखेर युनायटेडने पन्नास आसनांच्या विमानांसाठी एक्सप्रेसजेटऐवजी कम्युटएअरची निवड केली आणि ३० सप्टेंबर रोजी एक्सप्रेसजेटने युनायटेडसाठी शेवटचे उड्डाण केले. दुसऱ्या दिवशी अमेरिकन व युनायटेड मिळून सुमारे बत्तीस हजार कर्मचारी फर्लोवर गेले. डिसेंबरमधील नव्या साहाय्यामुळे या दोन कंपन्यांनी त्यांना परत बोलावले. ट्रान्स स्टेट्स वा कंपासच्या वैमानिकास परत बोलावणारे कोणी नव्हते.

दोन वर्षांतच तुटवडा पुन्हा तीव्र झाला. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाचे वेतन, तात्पुरत्या वाढीसह, ताशी ९० डॉलरपर्यंत नेले. शतकाच्या आरंभी हे वेतन बहुतेक ठिकाणी ताशी वीस डॉलरच्या आसपास होते. त्याच उन्हाळ्यात, २३ ऑगस्ट रोजी, 'आहा' या नव्या नावाने उड्डाणे करून पाहणाऱ्या एक्सप्रेसजेटने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या वैमानिकांना अन्यत्र नोकरीची वाण नव्हती. वेतनही पूर्वीपेक्षा चांगले होते. मात्र प्रत्येकास नव्या यादीत शेवटचा क्रमांक घ्यावा लागणार होता.